दुसरी वेलांटी

सतरा सप्टेंबरच्या आधी चार दिवस
पालिकेचा माणूस येतो.
आता महानगरपालिका झाली, डबा मात्र तेवढाच,
पाव लिटर काळा, कडेला थोडा तांबडा.
म्हणतो, मैनूभाई, तेवढं हुतात्म्याचं बघून घ्या.

मी बघतो.
दगडावर कोरलंय: हुतात्मा नेमीनाथ अंतोबा कासार.
'मी'ला दुसरी वेलांटी. पहिली पाहिजे.
बाप म्हणायचा, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं
तर दुकानाची पाटी परत येते.
दगड परत येत नाही.
कोरणारा गेला, फीत कापणारे मंत्री गेले,
वेलांटी राहिली.
रंग खाचेतच भरावा लागतो.
चूक मी करत नाही,
चूक मी दरसाल रंगवतो.

वर अर्धा पुतळा, हातात बंदूक.
फोटो नव्हता, म्हणून पुतण्याला समोर बसवून केला.
पुतण्या तेव्हा एसटीत कंडक्टर. मिशी त्याचीच.
अनावरणाला बहीण आणली होती गाडी करून, पद्माबाई.
तिनं हार घातला नाही. पुतळ्याची बोटं चाचपली
आणि बोलली, माईक चालूच होता:
हे बोटं त्याचे नव्हंत.
कासाराच्या बोटाला काच लागलेली असती.
मग माईक बंद केला कुणीतरी.

बंदूक त्यानं धरली होती का, ठाऊक नाही.
हात धरले होते, एवढं नक्की.
अर्ध्या लातुराच्या बायकांचे,
अंगठा आत दाबून, 'दुखलं तर सांगा' म्हणत.
आणि हिरव्या बांगड्यांच्या माळेत, दोरीला गुंडाळून,
सरहद्दीपल्याडच्या कॅम्पाच्या चिठ्ठ्या.
बार्शीकडून येताना करोडगिरी नाका लागायचा.
काचेवरही जकात होती, डझनावर.

नाक्यावर मोजणारा शिपाई माझा आजा.
हे कुठं कोरलेलं नाही.
आजी सांगायची, दाराला कडी लावून:
माळ उचलायचा, कानाशी नेऊन हलवायचा.
आत कागद असला की काच दबकी वाजते.
ऐकायचा, आणि म्हणायचा,
बारा डझन. जा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आजाची बदली झाली.
नवा शिपाई माळ तोडून मोजणारा निघाला.
नाक्याच्या भिंतीशीच उभं केलं कासाराला.
बांगड्या पुढं महिनाभर मातीत चमकायच्या म्हणे,
बैलांच्या खुरात जायच्या.

मग सप्टेंबर. पोलीस ॲक्शन.
आजाच्या डगल्याला निजामाची बटनं होती.
चार ओळखीची माणसं घरून घेऊन गेली त्याला.
त्यातल्या एकाच्या नातवाचं किराणा दुकान आहे,
पाटी मीच रंगवलीय, उधारी अजून यायचीय.

भूकंपात चबुतऱ्याला तडा गेला, बोटभर.
पाण्याची रेल्वे आली त्या वर्षी पुतळा धुतला नाही.
एक बाई घागर घेऊन चालली होती, थांबली,
तांब्याभर ओतून गेली.
मी म्हणलं, कशाला? म्हणाली,
नाकावर धूळ बसलीय की हो त्याच्या.

यंदा पालिकेचं पोरगं नवं आहे, शिकलेलं.
म्हणालं, मैनूभाई, ही वेलांटी लांबीनं बुजवून
नीटच करून टाका ना.
मी म्हणलं, राहू दे.
चुकीचं का होईना, नाव आहे.

काम झालं की ब्रश पुसायला माझ्याकडं चिंधी नसते.
दगडाच्या मागल्या अंगाला पुसतो, भिंतीकडं,
जिथं हार पोचत नाहीत.
इतक्या वर्षांचा थर झालाय, तळहाताएवढा,
काळा, तांबडा, काळा.
पोरगं वाकून बघत होतं.
हे पण साफ करायचं का?
मी डब्याचं झाकण दाबून बसवलं,
सायकलच्या हँडलला अडकवला.
त्याला हात लावू नको, म्हणलं,
ते अजून वाळलं नाही.